आधी फ्रीझर मोज

दापोली,
डिसेंबर २०२५

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या रत्नागिरीच्या आइस्क्रीमच्या धंद्याच्या वाढीची तुझी फाइल मिळाली. सूनबाईने मोबाइलवरून छापून आणली, म्हणून चष्मा लावून निवांत वाचता आली. अक्षर मोठं, रंगीत आलेख, वर तुझ्या आजोबांचा आइस्क्रीमचा पॉट फिरवतानाचा फोटो. फोटो बघून पाच मिनिटं पुढे सरकलोच नाही. त्या पॉटचा दांडा माझ्याही हाताला लागलेला आहे.

पुढे सातव्या पानावर अडकलो. येत्या उन्हाळ्यात ठाणे, डोंबिवली आणि पुणे मिळून चाळीस दुकानं. एका सीझनमध्ये! बाय, तू मला विचारलंस, "काका, हे जमेल का?" जमेल. दुकानं मिळतात, माल भरता येतो, बॅनरही लागतात. पण तू दुकानं मोजलीस आणि फ्रीझर मोजले नाहीस. फाइलभर शोधलं, फ्रीझरचा उल्लेख खर्चाच्या तक्त्यात एका ओळीत. आपल्या धंद्यात माणूस आइस्क्रीम विकतो असं फक्त लोकांना वाटतं. आपण थंडी विकतो. आणि ती थंडी जिथवर तुझ्या हातात आहे तिथवरच तुझा धंदा.

तुला कारखान्यात आतलं सगळं येतं, फूड टेक्नॉलॉजी तू शिकलीस, मी काय सांगणार? तरी माझ्या पद्धतीने एकदा ऐक. मिक्स पाश्चराइझ केलं, होमोजिनाइझ केलं, चार अंशांवर रात्रभर मुरवलं. गोठवायच्या यंत्रातून ते उणे पाच-सहाला बाहेर पडतं तेव्हा त्यातलं जेमतेम निम्मं पाणी गोठलेलं असतं. उरलेलं गोठतं हार्डनिंगच्या, म्हणजे माल कडक करायच्या खोलीत, आणि तिथे जितकं झटपट गोठेल तितके बर्फाचे कण बारीक. इथवर सगळं तुझ्या ताब्यात. मग माल गाडीत चढतो. तिथून पुढे तुझा सगळा अभ्यास ड्रायव्हरच्या आणि दुकानदाराच्या बोटात, कारण स्विच त्यांच्या बोटाखाली. दुकानातला फ्रीझर उणे अठरावरून उणे आठला आला की बारीक कण वितळतात. परत थंडी वाढली की तेच पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसतं. असं चार रात्री झालं की जिभेला कचकच लागते. गिऱ्हाईक दुकानदाराला काही बोलत नाही. ते डब्यावरचं नाव वाचतं.

हर्णैच्या एका दुकानाची गोष्ट सांगतो. माल बरोबर जातोय, पण तिथूनच तक्रार. आमचा माणूस दुपारी जाऊन बघायचा तर फ्रीझर उणे वीस. एकदा रात्री साडेअकराला मी स्वतः गेलो. दुकान बंद, मागच्या पडवीत मालक झोपलेले, आणि आतला फ्रीझर गप्प. कानाला सवय असते ना, कॉम्प्रेसरची घरघर नाही हे दाराबाहेरूनच कळलं. उठवून विचारलं तर म्हणाले, "रात्री गिऱ्हाईक नसतं, मग वीज कशाला जाळायची?" त्यांच्या हिशोबाने ते बरोबरच होते. बिल त्यांचं, नाव आमचं. सकाळी एक फॅमिली पॅक उघडला. झाकणाला आतून पांढरं दव चिकटलेलं, आइस्क्रीम कडेपासून बोटभर आक्रसलेलं, आणि वरचा थर चमच्याने उचलला तर गारेसारखा सुटा झाला. असा डबा एकदा नीट बघून ठेव म्हणजे पुढे वर्णन करावं लागणार नाही.

यावर उपाय तुझ्या आजोबांनीच मला शिकवला. प्लास्टिकच्या वाटीत पाणी गोठवायचं, वर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी दुकानाच्या फ्रीझरमध्ये कोपऱ्यात सारून यायचं. आठवड्याने बघायचं. नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात पाणी झालं होतं. पण त्यांची खरी हुशारी पुढे. ते म्हणाले, "अरे, साधं पाणी शून्यावर वितळतं. आपला माल त्याच्या कितीतरी आधी मेलेला असतो." म्हणून ते लिटरला शंभरेक ग्रॅम मीठ घालायचे. ते पाणी उणे सहाच्या आसपासच पूर्ण पातळ होतं, म्हणजे चोर लवकर सापडतो. आता तापमान नोंदवणारी यंत्रं आली आहेत, हजार-दोन हजारात मिळतात म्हणे. ती घेच. पण वाटी बंद करू नको. यंत्राची बॅटरी संपली असं कोणीही सांगू शकतो, बुडालेल्या नाण्याला सबब नसते.

आता याच हिशोबाने चाळीस दुकानं बघ. रत्नागिरीहून ठाणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, आणि मधे कुठे वळण लावलेलं असेल ते त्या दिवशी गेल्यावरच कळतं. तुझी वाटी कोण ठेवणार, कोण बघणार? तुझा डिस्ट्रिब्युटर? त्याच्याकडे आणखी तीन कंपन्यांचा माल आहे.

मी हा प्रयोग केलेला आहे, म्हणून एवढं लिहितोय. माझे दादा, थोरले भाऊ, यांना मुंबईची फार ओढ. एका मोठ्या दुकानसाखळीने माल मागितला. आम्ही हुरळून गेलो. भाड्याची रीफर, म्हणजे थंड ठेवायचं मशीन असलेली गाडी केली. ड्रायव्हर डिझेल वाचवायला घाट उतरल्यावर मशीन बंद करायचा आणि पनवेलला चालू करायचा, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. तोवर त्या लोकांनी वितळलेला माल परत पाठवला, परतीचं भाडं आमच्या बिलातून कापलं, शिवाय फळीवर जागा दिल्याचे वेगळे पैसे. नव्वद दिवसांनी येणारं पेमेंट निम्मं होऊन आलं. त्याच मे महिन्यात इकडे आंजर्ले-कर्द्याला पर्यटकांची रांग लागलेली आणि आमचे तिथले फ्रीझर अर्धे रिकामे, कारण माल मुंबईला गेलेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, दुसरं काय.

तुझ्या दारात काय आहे बघ ना. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, पावस, वर संगमेश्वर-देवरुख, खाली लांजा-राजापूर. गाडी सकाळी निघून रात्री कारखान्यात परत येईल एवढ्या टप्प्यात तुझे किती फ्रीझर आहेत? फाइलमध्ये एकोणतीस लिहिलेत. गणपतीपुळ्याच्या एका रस्त्यावर त्याहून जास्त दुकानं असतील. तिथे अजून दुसऱ्यांचे लाल-निळे फ्रीझर उभे आहेत ते तुला दिसत नाहीत, आणि डोंबिवली दिसते!

मोठी झालेली घराणी काय करून मोठी झाली ते बघ. वाडीलाल १९०७ मध्ये अहमदाबादेत सोड्याच्या दुकानातून निघालं, दिनशॉज १९३२ मध्ये नागपुरात. दोघांनी आधी घरचा मुलूख भरला. १९९७ पर्यंत तर आइस्क्रीम लघुउद्योगासाठी राखीव होतं, मोठ्या कंपन्यांना थेट उतरता येत नव्हतं. त्या सावलीत आमच्यासारखे कितीतरी वाढले. सावली गेली तेव्हा ज्यांचे जवळचे फ्रीझर भक्कम होते ते टिकले.

फ्रीझरबद्दल आणखी दोन गोष्टी. डिपॉझिट घेतल्याशिवाय फ्रीझर देऊ नको, मग समोर तुझे सख्खे मामा का असेनात. आणि पर्यटकांच्या रस्त्यावर काचेचा ठीक, माल दिसतो. आतल्या गावात मात्र हार्ड टॉप, म्हणजे बिनकाचेच्या झाकणाचा दे. वीज कमी खातो, वीज गेली तरी थंडी धरून ठेवतो, आणि बिल कमी आलं की रात्री स्विच बंद करायचा मोहही कमी होतो. छोट्या गाडीला युटेक्टिक, म्हणजे थंडी साठवून ठेवणाऱ्या प्लेट बसवून घे. रात्रभर कारखान्यात चार्ज झाल्या की दिवसभर इंजिनाच्या भरवशावर राहायला नको. ड्रायव्हरच्या बोटाखाली स्विचच नाही.

आता विजेचा विषय निघालाच आहे तर निसर्ग वादळाचं सांगतो. तेव्हा तू पुण्यात शिकत होतीस. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, म्हणजे ऐन सीझनच्या तोंडावर. वर्षाची निम्मी कमाई ज्या दोन महिन्यांत, तेच गेले. कोल्ड रूम तयार मालाने खचाखच. तरी मे महिन्यात आम्ही हापूसचा पल्प भरला, कारण बागायतदार दारात उभे होते आणि त्यांचीही पेटी मुंबईला जात नव्हती. ३ जूनला वादळ आलं. पत्रे गेले, माड पडले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. जनरेटर होता, पण डिझेल आणायला रस्ता नव्हता. आमचे तीन बॅरल. दोन खोल्या चालवल्या तर चार दिवस, एक चालवली तर आठ.

एका खोलीत तयार आइस्क्रीम, एकीत पल्प. दादा म्हणाले, तयार मालात पैसा जास्त अडकलाय, तो वाचव. मी म्हटलं, आइस्क्रीम परत करता येईल, या वर्षीचा हापूस परत झाडाला लागणार नाही. तासभर भांडलो, पावसात, छप्पर नसलेल्या शेडमध्ये. शेवटी पल्प वाचवला. तयार माल तिसऱ्या दिवशी मऊ पडला. तेव्हा दादांचा मुलगा हळूच म्हणाला, "वीज आली की परत गोठवू, चॉकलेट करून टाकू. कोणाला कळतंय?" तुला सांगतो, मलाही तो क्षणभर मोह झाला. काजूच्या बागेत खड्डा खणला आणि सगळं ओतलं. पिस्ता, केशर, स्ट्रॉबेरी एकात एक मिसळून मळकट गुलाबी तळं झालं होतं, त्यावर मुंग्या आठ दिवस होत्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा बॅरल सहा होते आणि कुठली खोली आधी बंद करायची ते भिंतीवर लिहिलेलं होतं. तुझ्या फाइलमध्ये "आपत्ती" असा शब्द आहे, खाली "विमा" असं लिहिलंय. विमा घे. पण बॅरल किती, ते लिही. आणि कुठली खोली आधी, ते आत्ता, आकाश निरभ्र असताना ठरव.

पल्पवरून सांगतो. तुझ्या वडिलांचा हात या बाबतीत सैल आहे. हापूसमध्ये साका असतो, म्हणजे आतला गर बिघडलेला, तो वरून दिसत नाही, कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोठ्या यंत्रात फळ तसंच ढकलायचं नाही. कापून, बघून, मग पल्पर. दहा बायका दहा सुऱ्या घेऊन बसल्या की मजुरी वाढते, पण एका साक्याच्या फळाने अख्ख्या घाण्याला येणारा तो आंबूस वास परत निघत नाही. फळाचा निम्माच पल्प हाती लागतो हे धरून भाव कर. सीझनच्या शेवटी कॅनिंगचा भाव पडतो म्हणून थांबण्यात अर्थ आहे, पण वळवाची सर झाली की फळमाशी लागते, मग खरेदी बंद. आत्ता मोहर कसा आहे तिकडे? इकडे थंडी उशिरा पडली.

आणि पैशाचा वेढा ध्यानात घे. पल्प मे महिन्यात भरायचा आणि पुढच्या एप्रिलपर्यंत विकायचा. दुधाचंही तसंच. आपल्याकडे दूध नाही, हे कोकणातल्या आइस्क्रीमवाल्याने आधी मान्य करावं. ते घाटावरून येतं, आमचं कुंभार्ली घाटाने, तुमचं आंबा घाटाने. म्हशीचं दूध थंडीत उतू जातं तेव्हा लोणी आणि पावडर स्वस्त, आणि तुला गरज लागते उन्हाळ्यात, जेव्हा दोन्ही महाग. म्हणजे आत्ता, डिसेंबरात, तुझा पैसा लोण्यात असायला हवा. तो तू डोंबिवलीच्या डिपॉझिटांत घालायला निघालीस.

कराचंही एक बघ. तुझ्या सीएने सांगितलं असेलच. २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण आइस्क्रीम तयार करणाऱ्याला कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्यांची सोप्या हिशोबाने कर भरायची सोय, नाही, आणि मालाच्या व्यापाऱ्याला असलेली ४० लाखांची नोंदणीची सवलतही नाही, त्याला २० लाखच. पान मसाला आणि तंबाखूच्या पंगतीत बसवलंय आपल्याला! माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने पॉट विहिरीत टाकला असता. मुद्दा असा की हिशोब पहिल्या दिवसापासून चोख हवा. तुझ्या काकांची ती लाल वही आता बंद.

आता एका तराजूची गोष्ट. तुला घरी कोणी सांगितलंय का माहीत नाही. आम्ही कर्ज काढून कंटिन्युअस फ्रीझर, म्हणजे सलग माल गोठवणारं यंत्र घेतलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. जुन्या बॅच फ्रीझरमध्ये हवा फारशी भरता यायची नाही, नव्यात बटण फिरवलं की माल फुगतो. शंभर मिलीचा आमचा कप पूर्वी पंचाहत्तर ग्रॅम भरायचा. हप्ते डोक्यावर होते, समोर दहा रुपयांच्या कपवाला उभा राहिला होता. आम्ही अठ्ठावन्नवर आलो. कायद्याने काही चूक नाही. आइस्क्रीमला लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम वजन आणि दहा टक्के दुधाची स्निग्धता लागते, आमचं दोन्ही त्याच्या वर. एक दिवस तुझे आजोबा एसटीने दापोलीला आले. वाटेत स्टँडवरून आमचे दोन कप घेतले, धोतराचा सोगा सावरत कारखान्यात शिरले आणि पिशवीतून पितळी पारड्यांचा तराजू काढला. एका पारड्यात आमचा कप, दुसऱ्यात त्यांनी बर्फाच्या पेटीत घालून आणलेला त्यांचा. आमचं पारडं वर. काही बोलले नाहीत. दोन्ही कप तिथेच उभ्याने खाल्ले, आधी आमचा, मग त्यांचा. चहा घेतला आणि गेले. तराजू मात्र टेबलावर ठेवून गेले. ते स्पर्धक होते माझे, हे ध्यानात घे. त्यांना आमचं पारडं वर जाणं फायद्याचंच होतं.

त्या वर्षी विक्री वाढली होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पडली ती पुढच्या वर्षी, आणि परत वर आणायला तीन वर्षं लागली. म्हणून तुझ्या अठराव्या पानावर "उत्पादन खर्चात बचत" या मथळ्याखाली वनस्पती तेलाचा जो पर्याय आहे, त्यावर मी लाल पेन्सिलीने काट मारली आहे. फ्रोझन डेझर्ट, म्हणजे तेलाचा असा माल, विकणं गुन्हा नाही, लेबलवर तसं लिहून खुशाल विकावं. पण एकाच नावाखाली दोन्ही विकशील तर लोक दोन्हीला तेलाचंच समजतील.

चवींची यादी वाचून हसू आलं. बत्तीस! त्यात उकडीच्या मोदकाचं आइस्क्रीम. एकदा कर, गणपतीत चाकरमान्यांना फोटो काढायला बरं. बाकी सात-आठ धर आणि त्या तुझ्याच हव्यात: हापूस, बरक्या फणसाची (काप्याच्या नादी लागू नको, रस बरक्यात), शहाळं, जांभूळ, काजू. कोकम दुधात घालशील तर फाटेल, ते तू शिकलीच असशील. त्याची बिनदुधाची कँडी कर, सरबत पिणारे लोक आपले, उचलतील. रघुनंदन कामतांनी १९८४ मध्ये जुहूला नॅचरल सुरू केलं तेव्हा सोबत पावभाजी ठेवली होती, नुसत्या आइस्क्रीमला लोक येतील याची खात्री नव्हती म्हणून. मुलकीच्या फळवाल्याचा मुलगा तो. फळ हाताने दाबून कळणारा माणूस होता, म्हणून शहाळ्याचं आइस्क्रीम त्याला सुचलं. तुझ्या घरात अशी बोटं तुझ्या आजीची आहेत. तिला कारखान्यात आठवड्यातून एकदा नेत जा.

पावसाचे चार महिने तू फाइलमध्ये मोकळेच सोडलेस. ते कॉम्प्रेसर उघडायचे, फ्रीझर गोळा करून झाकणाचे रबरी गॅस्केट बदलायचे, उधारी वसूल करायचे महिने. माणसांना त्या दिवसांत निम्मा पगार देऊन घरी बसवू नको. ती मार्चमध्ये परत येत नाहीत, आणि शिमग्याच्या आठवड्यात नवा माणूस शिकवणं म्हणजे शिक्षा आहे.

शेवटी घरचं. हे लिहू की नको असं दोनदा वाटलं. लिहितोच.

तुमची फर्म अजून भागीदारीत आहे आणि करारनामा तुझ्या आजोबांच्या काळचा, हे मला ठाऊक आहे, कारण आमचाही तसाच होता. भागीदारी कायद्यात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्मच विसर्जित होते. दादा गेले तेव्हा आम्हाला ते कळलं. तेराव्याच्या आधी बँकेतून फोन आला, कॅश क्रेडिट थांबवलंय, नवे कागद आणा. बाहेर दूधवाल्याचा टँकर उभा. घरात रडायला माणसं आणि मी स्टॅम्प पेपर शोधत चिपळूणला. मग नावाचा प्रश्न आला. डब्यावरचं नाव नोंदवलेलंच नव्हतं. पुतण्या म्हणाला, नाव बाबांनी ठेवलं होतं. मी म्हटलं, आमच्या बाबांनी. दोघंही खरं बोलत होतो. तीन वर्षं दापोलीत एकाच नावाचे, दोन रंगांचे डबे होते, आणि लोक "खरं कुठलं?" असं मलाच विचारायचे. आता पुतण्या बरा आहे, दिवाळीला येतो. पण कारखाना लहान झाला तो झालाच.

म्हणून डोंबिवलीच्या आधी तीन कागद. नवा करारनामा, मृत्यूचं आणि वाटणीचं कलम असलेला, वाटल्यास प्रायव्हेट लिमिटेड करा. नावाची ट्रेडमार्क नोंदणी, आइस्क्रीम तिसाव्या वर्गात येतं, दर दहा वर्षांनी नूतनीकरण, आणि ती फर्मच्या नावावर, कुणा एकाच्या नाही. आणि पगाराचा कागद. तुझे वडील, काका, चुलतभाऊ आणि तू, प्रत्येकाला महिन्याला ठरलेला पगार. घरच्या लग्नाला दोनशे कप नेले तर त्याचंही बिल फाडायचं. यावरून तुझ्या काकी रुसतील. रुसू देत.

आणि तुझं. तू कारखाना बघतेस, मिक्स तू ठरवतेस, कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून तुझी सही आहे. करारनाम्यात तुझं नाव आहे का? "पुढे लग्न झाल्यावर बघू" असं कोणी म्हणालं असेल, म्हणणारच. मी तुझ्या वडिलांना फोन करून बोललो आहे. ते गप्प बसले, नाही म्हणाले नाहीत. चुलतभावाचं नाव ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी, त्याच कागदावर तुझं. ते होईपर्यंत नवीन कर्जावर सही करू नको. हा सल्ला मी तुझ्या काकांसमोरही देईन.

मुंबईला जाऊच नको असं मी म्हणत नाही. आधी गाडी रात्री घरी येईल त्या टप्प्यात साठ-सत्तर फ्रीझर कर, दोन पावसाळे काढ. मग मुंबईला स्वतःची छोटी कोल्ड रूम, स्वतःचा माणूस, आणि दहाच दुकानं. साखळीवाल्यांना नव्वद दिवसांच्या उधारीवर एक कपही देऊ नको.

तू जानेवारीत येतेस म्हणालीस. रविवारी ये. येताना लांजा, मालगुंड आणि राजापूर, तिन्हीकडून तुमचा एकेक हापूसचा कप विकत घे, दुकानदाराला न सांगता, आणि बर्फाच्या पेटीत घालून आण. तराजू कपाटात आहे, सूनबाईने चिंच लावून पारडी घासली आहेत. ग्रॅमची बारीक वजनं मात्र हरवलीत. ती रत्नागिरीच्या बाजारात मिळाली तर तेवढी आण.

तुझा,
दापोलीचा काका